वरून झळाळी, आतून गंज

दसरा जवळ आला की म्हैसूरच्या रस्त्यांवर गाड्यांना वेगळेच तेज चढते. आयुधपूजेच्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत प्रत्येक वाहन धुऊन-पुसून उभे केले जाते. पुढे केळीचे खुंट बांधतात, झेंडूच्या माळा चढवतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडीवरून ओवाळलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. पूजेच्या आत नवी गाडी दारात यावी असे अनेक घरांत वाटत असते. नवी नाही तर निदान नव्यासारखी दिसणारी तरी. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असते.

नवी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेणे सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यात नसते. पण या गाड्यांची एक गंमत आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यावर त्यांची किंमत ज्या वेगाने घसरते, त्या वेगाने साध्या गाडीचीही घसरत नाही. पाच-सहा वर्षांनी तीच गाडी निम्म्याहून कमी भावात, कधी कधी तर साध्या नव्या गाडीच्या भावात मिळू लागते. मग घरात हिशेब सुरू होतात. तेवढ्याच पैशात चारचौघांसारखी गाडी घ्यायची, की जरा वापरलेली पण राजेशाही? निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम, मुदत संपलेली ठेव, वर थोडे बँकेचे कर्ज, असे करून एक दिवस ती गाडी येते. आळीतली मुले भोवती गोळा होतात, शेजारी पेढे मागतात.

पहिले पंधरा दिवस नव्याची नवलाई. मग कधीतरी चामुंडी टेकडीचा चढ चढताना काटा तापमानाच्या लाल रेघेकडे सरकतो. कधी रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कुशीवर बसलेली आढळते, कारण तिच्या स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या पिशव्या गळू लागलेल्या असतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की तेथला माणूस संगणकात गाडीचा नंबर घालतो आणि म्हणतो, "साहेब, ही तर पाण्यातली गाडी दिसते." दुरुस्तीचा अंदाज काही लाखांचा निघतो. आणि विक्रेता फोनवर सांगतो, "तुम्ही बघून, चालवून घेतली होती ना?"

अशी गाडी परत करता येते का? येते. पण कधी, कोणाला आणि कशाच्या जोरावर, हे समजून घेतल्याशिवाय केलेली धडपड बहुधा वाया जाते.

पाण्यातून आलेली गाडी

छुप्या दोषांमध्ये सर्वांत वाईट दोष पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहरातल्या असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, २०१८ मध्ये केरळ, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या श्रीमंत वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या आलिशान मोटारींची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. नकाशा उघडला तर म्हैसूर या शहरांच्या मधोमध दिसते. एका बाजूला केरळ, दुसऱ्या बाजूला तामिळनाडू आणि जेमतेम दोन तासांवर बंगळूर. २०२३ मध्ये ११८ किलोमीटरचा नवा द्रुतगती रस्ता सुरू झाल्यापासून तर म्हैसूरचे गिऱ्हाईक सकाळी बंगळूरला जाऊन गाडी पाहते आणि संध्याकाळी घरी परत येते.

बुडालेल्या गाडीचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होणार असेल, तर विमा कंपनी ती गाडी 'पूर्ण नुकसान' समजून मालकाला पैसे देते. साध्या गाडीला त्या रेषेपर्यंत पोहोचायला बराच मार खावा लागतो. आलिशान गाडीत मात्र जमिनीलगत बसवलेले दोन-चार इलेक्ट्रॉनिक भाग भिजले तरी आकडा तेथवर जातो. उरलेला सांगाडा लिलावात विकला जातो. घेणारा तो भंगारात घालतोच असे नाही. गालिचे बदलतात, आसने धुऊन वाळवतात, अत्तराची बाटली डॅशबोर्डवर ठेवतात आणि गाडी पुन्हा बाजारात उभी राहते. यात दरवेळी बेकायदा काही असते असेही नाही. खोटेपणा सुरू होतो तो गिऱ्हाइकापासून ही गोष्ट लपवली जाते तेव्हा.

पाण्याचा दोष लगेच दिसत नाही, हीच त्याची खोड. तारांच्या जोडांत हिरवट गंज हळूहळू चढतो. आज काच खाली जात नाही, उद्या दिवे आपोआप लागतात, परवा एअरबॅगचा इशारा पेटतो. हा शेवटचा दिवा म्हणजे नुसता खर्च नव्हे. अपघाताच्या क्षणी पिशवी उघडेल की नाही याची खात्री उरत नाही, आणि गाडीत घरची माणसे बसलेली असतात.

म्हणून गाडी पाहायला जाताना बरोबर एखादा अनुभवी मिस्त्री न्यावा, आणि घरातल्या बाईमाणसांनीही जावे. कपाटातला कुबट वास ज्यांना दारातून कळतो, त्यांना गाडीतलाही कळतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा डाग असेल तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, डिकीतल्या जादा चाकाच्या खाचेत गाळ, दिव्याच्या काचेत आतून बाष्प, या खुणा पुसायला धुणारा सहसा विसरतो. टायरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखवलेल्या गाडीला तिसऱ्यांदा बदललेले टायर असतील, तर मीटरशी कोणीतरी खेळलेले आहे. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. एखाद्या दारावर ते इतरांच्या तिप्पट आकडा दाखवत असेल तर रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजावे. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे सौदा करण्याआधी गाडीचा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तिची जुनी नोंद मागवणे. विक्रेत्याने त्याला नकार दिला, तर तो नकारच उत्तर समजावा.

आंब्याची पेटी आणि कायदा

हापूसची पेटी घेताना वरचा थर पाहून घेतो आणि घरी उघडल्यावर खालचे आंबे डागी निघतात. अशा वेळी चूक कोणाची? जुना व्यापारी नियम सांगतो की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आपल्याकडचा मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि तोही याच नियमापासून सुरुवात करतो. पण लगेच अपवाद देतो. विकणारा त्याच मालाचा व्यापारी असेल, तर माल विकण्याजोग्या दर्जाचा आहे अशी हमी न बोलताही गृहीत धरली जाते. ग्राहकाने माल तपासलेला असेल तर ज्या खोटी त्या तपासणीत दिसायला हव्या होत्या, त्यांच्यापुरती ही हमी उरत नाही. म्हणजे बॉनेटवरचा ओरखडा, फाटलेली सीट, गुळगुळीत टायर याबद्दल नंतर तक्रार चालणार नाही. गालिच्याखाली झाकलेला गंज किंवा मागे फिरवलेला मीटर मात्र नुसत्या नजरेला दिसण्यासारखा नसतो. सगळी लढाई या एका भेदावर होते.

'बघून घेतली होती ना?' या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे आहे: जे दिसण्यासारखे होते ते बघितले, जे झाकले होते ते कसे बघणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाचा हात आणखी बळकट केला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव तर दोष आहेच, पण विक्रेत्याने स्वत: जो दर्जा सांगितला त्यातली उणीव हाही दोष आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत हे शेवटचे वाक्य फार मोलाचे. आठ वर्षांच्या गाडीने नव्यासारखे चालावे असे कोणी म्हणणार नाही. पण जाहिरातीत 'अपघात नाही, पाणी नाही, मूळ किलोमीटर' असे लिहिले असेल तर गाडीचे मोजमाप त्याच शब्दांनी होणार. म्हणून ती जाहिरात, तो मोबाइलवरचा संदेश, तपासणीचा तो रंगीत तक्ता जपून ठेवावा. पुष्कळ लोक गाडी आली की हे सारे पुसून टाकतात.

गप्प बसणे म्हणजे फसवणूक का, असाही प्रश्न येतो. करारांचा कायदा १८७२ चा. त्याच्या मते नुसते मौन सहसा फसवणूक ठरत नाही, पण बोलणे कर्तव्यच असेल किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल तर ठरते. आणि सरळ प्रश्न विचारल्यावर दिलेले खोटे उत्तर हे मौन नव्हेच. तेव्हा सौदा करताना संकोच सोडून लेखी विचारावे: गाडी कधी पाण्यात गेली होती का, विम्याचा मोठा दावा झाला होता का, अपघात झाला होता का? तीन ओळींचा संदेश पुरे. त्याचे जे उत्तर येईल ते पुढे न्यायालयात बोलते.

दोन जॅग्वारांची गोष्ट

आपले मालविक्रीचे कायदे इंग्रजी कायद्यांच्या घडणीचे आहेत, म्हणून इंग्लंडमधले दोन जुने खटले येथे मोठे बोधक ठरतात. दोन्ही वापरलेल्या जॅग्वार गाड्यांचे.

पहिला १९६५ चा. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला आधीच सांगितले होते की क्लचमध्ये खोट आहे. आम्ही दुरुस्त करून दिली तर ५७५ पौंड, तुम्ही करून घेणार असाल तर ५५०. गिऱ्हाइकाने २५ पौंड वाचवले. पुढे क्लच उघडला तेव्हा खर्च त्या वाचवलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक निघाला. तो न्यायालयात गेला आणि अपील न्यायालयात हरला. खोट सांगितली होती, भाव त्या खोटीचा धरला होता, आणि वापरलेल्या गाडीत दुरुस्ती अपेक्षेहून महाग पडणे हे काही अघटित नव्हे.

दुसरा १९७५ चा. आठ वर्षांची जॅग्वार, मीटरवर ८२,१६५ मैल. विक्रेता म्हणाला, जॅग्वारला एवढे अंतर म्हणजे काहीच नाही. ग्राहकाने तीन आठवड्यांत तेवीसशे मैलांच्या आसपास चालवली आणि इंजिन जाम झाले. चौकशीत इंजिन विक्रीच्या वेळीच अखेरच्या घटका मोजत होते असे दिसून आले. या वेळी ग्राहक जिंकला.

दोन्ही गाड्या जुन्या, दोन्ही बिघडल्या. पण पहिल्या सौद्यात खोट उघड होती, दुसऱ्यात ती झाकलेली होती आणि वर स्तुती होती. आपल्याकडे पावतीवर 'जशी आहे तशी' हे शब्द छापून विक्रेते निर्धास्त होतात. त्या शब्दांनी सांगितलेल्या खोटी झाकल्या जातील, पण खोटे बोलणे झाकले जाणे कठीण.

अशा बाजाराचे शास्त्रही आहे. अमेरिकेत खोटी निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'लिंबांच्या बाजारा'वर एक लेख प्रसिद्ध केला. छापून येण्यापूर्वी तो तीन नियतकालिकांनी नाकारला होता. त्याचे म्हणणे साधे होते. गाडीचे खरे गुण विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि बाजारात लिंबेच अधिक उरतात. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मराठी माणसाला हे 'स्वस्त का, तर काहीतरी गोम असणार' या चार शब्दांत आजीने आधीच सांगितलेले असते, ही गोष्ट वेगळी.

गोव्यातली 'नवी' गाडी

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथल्या एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून फियाट ग्रँड पुंटो या नव्या गाडीचे पैसे भरले. हाती आली ती २००९ मध्ये बनलेली, ६२२ किलोमीटर चाललेली, खालच्या अंगाला गंज चढलेली गाडी. ग्राहकाने पैसे किंवा दुसरी गाडी मागितली. जिल्हा मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगानेही तो उचलून धरला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला. तेथे अपील केले होते टाटा मोटर्सने, कारण ही गाडी त्यांच्या जाळ्यातून विकली गेली होती आणि विक्रेत्याबरोबर कंपनीलाही जबाबदार धरण्यात आले होते. न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते मालक-नोकराचे नव्हते, तर दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. विक्रेत्याच्या दुकानात काय चालले होते हे कंपनीला ठाऊक असल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते. विक्रेत्यावरची जबाबदारी मात्र कायम राहिली. वापरलेला माल नवा म्हणून विकणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार लिहिताना हा निकाल आठवावा. मोठ्या कंपनीचे नाव घातले की वजन येते असे वाटते, पण जुन्या गाडीत झाकाझाक करणारा बहुधा मधला विक्रेता असतो. कंपनीविरुद्ध काही म्हणायचे असेल तर तिचा त्यातला सहभाग स्वतंत्रपणे दाखवावा लागतो.

विकणारा व्यापारी नसून कोणी शेजारी किंवा ओळखीचा गृहस्थ असेल तर ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद असते. मग दिवाणी न्यायालय आणि करारांचा कायदा. दोन-तीन लाख स्वस्त पडते म्हणून थेट मालकाकडून घेणाऱ्यांनी ही गोष्टही त्या बचतीतून वजा करावी.

परत करायची, तर वापर थांबवा

येथे बहुतेकांचे चुकते. दोष कळल्यावर विक्रेता म्हणतो, "आणून सोडा, बघतो." मग दोन महिने हेलपाटे. दरम्यान गाडी उटीला जाऊन येते, मुलाच्या मुंजीला नातेवाइकांना आणते. मालविक्रीचा कायदा म्हणतो की वाजवी काळ उलटूनही ग्राहकाने माल नाकारल्याचे कळवले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे समजले जाईल. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे. इंग्लंडमध्ये १९८७ च्या एका खटल्यात तीन आठवडे आणि १४० मैलांनंतर गाडी नाकारण्याचा हक्क गेला असे ठरले, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्यात सहा महिने आणि ५,५०० मैल चाललेली रेंज रोव्हर परत करता आली. शेवटी २०१५ मध्ये तेथे कायदाच झाला की सदोष वस्तू, वापरलेली असली तरी, तीस दिवसांत परत करता येईल. आपल्याकडे असा आकडा नाही. म्हणून घाई बरी.

दोष कळला की गाडी उभी करावी. मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा किंवा तटस्थ अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा आणि तोपर्यंत काही उघडू-बदलू नये. भाग बदलला की पुरावाही बदलतो. मग विक्रेत्याला नोंदणीकृत पत्राने कळवावे: हे हे दोष निघाले, ते झाकून ठेवले होते, गाडी परत घ्या आणि पैसे द्या. तोंडी भांडण किंवा दुकानासमोर आरडाओरड यातून मनाचे समाधान होईल, फायदा काही नाही. बँकेचे हप्ते मात्र थांबवू नयेत. कर्जाचा करार बँकेशी असतो. गाडी खोटी निघाली म्हणून तो मोडत नाही, आणि थकबाकीदार झालेल्या माणसाची बाजू उगाच लंगडी पडते.

पत्राला दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुष्कळ विक्रेते तेथेच तडजोडीला येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालते. फी नाममात्र: पाच लाखांपर्यंत काही नाही, २० ते ५० लाखांना एक हजार रुपये. मुदत दोन वर्षे. २०१९ च्या कायद्याने केलेला एक मोठा बदल बाहेरगावच्या ग्राहकाच्या पथ्यावर पडला आहे. पूर्वी विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत. आता ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथल्या आयोगात तक्रार करता येते. बेळगावच्या कुटुंबाने म्हैसूरला गाडी घेतली तर ते बेळगावात दाद मागू शकते, पुण्याचे पुण्यात. तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल करण्याची सोयही २०२० पासून आहे.

दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात इतके सुरळीत क्वचितच होते. वर राज्य आयोगाकडे अपील आहे, पण विक्रेत्याला अपील करायचे तर आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ही ग्राहकाची जमेची बाजू. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

तरी अपेक्षा माफक ठेवाव्यात. गॅरंटीतल्या मारुती गाडीबाबत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष भाग बदलून देणे पुरेसे मानले होते, सगळी गाडी नव्हे. म्हणजे 'एक भाग बिघडला' आणि 'गाडीच खोटी विकली' यांतले अंतर पुराव्याने दाखवावे लागते. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेली नवी बीएमडब्ल्यू चारच दिवसांत बिघडली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने नवी गाडी द्यायला सांगितले, उत्पादकाने तयारी दाखवली, पण ग्राहकाला गाडी नको, व्याजासह पैसे हवे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२४ मध्ये ५० लाख रुपये देऊन तो मिटवण्यात आला. मधली बारा वर्षे कोणी परत केली नाहीत. त्याच आठवड्यात न्यायालयाने एका मर्सिडीजचाही जुना वाद संपवला. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी गाडी घेतली म्हणून ती 'व्यापारी हेतूची' ठरत नाही, असे सांगितले. पण गाडी इतकी वर्षे वापरली गेली म्हणून ती ग्राहकाकडेच ठेवून ३६ लाख रुपये परत द्यायला लावले. वापराची किंमत अशी वजा होते.

यंत्रात नव्हे, कागदात दोष

काही दोष मिस्त्रीला कधीच सापडणार नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क खात्याने केरळमध्ये जागोजागी छापे घालून अनेक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमार्गे चोरून आणून, बनावट कागदांवर देशात नोंदवल्याचा संशय होता. ज्यांनी अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतल्या, त्यांच्या दारातून गाडी तर गेलीच, वर चौकशीही आली. अशा बाबतीत कायदा ग्राहकाच्या पाठीशी ठामपणे उभा राहतो. वस्तू विकण्याचा हक्क आपल्याला आहे अशी हमी प्रत्येक विक्रेता न बोलता देतच असतो. इंग्लंडमध्ये १९२३ च्या एका खटल्यात चोरीची निघालेली मोटार चार महिने वापरूनही ग्राहकाला पूर्ण किंमत परत मिळाली होती. मालकीच मिळाली नाही तर मिळाले काय, हा त्यामागचा विचार.

परराज्यातल्या नंबरची स्वस्त गाडी हा आणखी एक सापळा. कर्नाटकात मोटारींवरचा आजीवन कर बराच जड आहे. पुदुच्चेरीच्या नंबरच्या आलिशान गाड्या बंगळूरच्या रस्त्यांवर वारंवार अडवल्या गेल्या आहेत त्या याचसाठी. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ राज्यात ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्याबरोबर येथला कर भरावा लागतो. दिल्लीच्या गाडीला म्हैसूरचा केए-०९ मिळेपर्यंत स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

विक्रेता खरा की हंगामी, हे ओळखण्याची एक खूण १ एप्रिल २०२३ पासून उपलब्ध आहे. जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसे कळवायचे असते. त्यानंतर विकेपर्यंत तोच मालक मानला जातो. ते अधिकारपत्र भिंतीवर दिसले नाही तर विचारावे.

गाडी परत घ्यायला विक्रेता राजी झाला, पैसे खात्यात जमा झाले, की माणूस किल्ली टेबलावर ठेवून सुटकेचा श्वास टाकतो. पण नोंदणीपुस्तकात नाव अजून त्याचेच असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, मग गाडी त्याने केव्हाच विकलेली का असेना. म्हणून परत करतानाही नावबदलाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने तेथल्या तेथे भरून, त्यांची पोच घेऊन मगच किल्ली द्यावी. किती तारखेला, किती वाजता, किती किलोमीटरवर गाडी सोपवली हे कागदावर लिहून विक्रेत्याची सही घ्यावी. बँकेचा बोजा उतरवून घ्यावा, विमा कंपनीला कळवावे, आणि काचेवरचा फास्टॅग बंद करून घ्यावा. नाहीतर गाडी दुसऱ्याच कोणाला घेऊन बंगळूरच्या रस्त्यावर धावत असते आणि टोल कापल्याचा संदेश आपल्या मोबाइलवर येत राहतो.